पहिल्या तबकडीवरचा लोभ

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडची पहिली तबकडी १३ जुलै १९७३ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची फारशी वार्ताही झाली नव्हती. तिच्याआधी आठवडाभर बाजारात आलेले तिच्यातील एक गाणे खपाच्या यादीत कोठेच दिसले नाही. समीक्षकांची मते संमिश्र होती. या चार तरुणांपैकी एक पुढे जगाच्या कानाकोपऱ्यात ओळखला जाईल, असे त्या दिवशी कोणी बोलून दाखविले असते तर त्याला हसण्यावारी नेण्यात आले असते. या घटनेला २०२३ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तीच तबकडी ‘क्वीन वन’ या नावाने नव्या रूपात लोकांपुढे आली. बँडचे गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या देखरेखीखाली जुन्या ध्वनिफिती उलगडण्यात आल्या, प्रत्येक वाद्याचा आवाज नव्याने पारखण्यात आला आणि पन्नास वर्षांपूर्वी जे साधले नव्हते, ते साधण्याचा प्रयत्न झाला. चाहत्यांनी या उद्योगाचे उत्साहाने स्वागत केले. तथापि, त्यांच्यातच एक प्रश्नही उभा राहिला. ज्या तबकडीवर अर्धशतक जीव लावला, ती तिच्या दोषांसह प्रिय होती. मग ते दोष काढून टाकल्यावर उरते ती तीच तबकडी म्हणावयाची काय?

लंडनमधील या वादाशी मराठवाड्यातील वाचकाचा संबंध काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. संबंध दुहेरी आहे. या तबकडीवर गाणारा तरुण सुरांची पहिली बाराखडी शिकला तो महाराष्ट्राच्या मातीत, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे, हा एक भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या, अपुऱ्या, चाचपडत केलेल्या निर्मितीकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न अजिंठ्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसांना परका नाही. आणि ज्या गावात शाळा-महाविद्यालयांतून हजारो मुले दरवर्षी काहीतरी पहिल्यांदा करून पाहत असतात, त्या गावाला तर तो मुळीच परका असू नये.

फ्रेडी मर्क्युरी या नावाने प्रसिद्ध झालेल्या गायकाचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे, एका पारशी कुटुंबात झाला. आडनावावरूनच कुटुंबाचे मूळ गुजरातेतील बलसाडचे हे कळते. वडील ब्रिटिश वसाहतीच्या न्यायालयात रोखपाल होते. सरकारी नोकरीतील मध्यमवर्गीय बाप मुलाच्या शिक्षणासाठी जो विचार करतो, तोच त्यांनी केला आणि सुमारे आठ वर्षांच्या मुलाला समुद्रापलीकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडले. १९५५ ते १९६३ ही वर्षे त्याने सह्याद्रीच्या त्या थंड पठारावर काढली. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तेथील सोबत्यांनी दिले. त्याच शाळेत तो पियानो शिकला आणि त्याच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. मुलाला संगीतात गती आहे, थोडी अधिक फी भरल्यास त्याला रीतसर पियानो शिकविता येईल, असे मुख्याध्यापकांनी पालकांना कळविले होते, अशी नोंद त्याच्या चरित्रकारांनी केली आहे. १९५८ मध्ये शाळेतील पाच मुलांनी मिळून ‘हेक्टिक्स’ नावाचा एक बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांतून ही मुले त्या काळची इंग्रजी लोकप्रिय गाणी वाजवीत. त्यात हा मुलगा प्रमुख गायक नव्हता, तर पियानोवर साथ करणारा होता. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे ज्याच्या आवाजाने मोठमोठी मैदाने भरून जावयाची होती, तो शाळेच्या व्यासपीठावर मागे, एका बाजूला बसत असे.

पाचगणीहून परतल्यावर वर्षभरातच, १९६४ मध्ये, झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि हे कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेले. तेथे फ्रेडीने ईलिंगच्या कलाशाळेतून रेखनकलेची पदविका मिळविली. बँडचे बोधचिन्ह पुढे त्यानेच काढले. दरम्यान लंडनमध्ये ‘स्माइल’ नावाचा एक बँड धडपडत होता. त्यातील ब्रायन मे हा पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्राचा विद्यार्थी होता. रॉजर टेलर दंतवैद्यकाच्या अभ्यासासाठी लंडनला आला होता. १९७० मध्ये हा बँड मोडला आणि फ्रेडी, मे व टेलर यांनी ‘क्वीन’ची स्थापना केली. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला. चौघेही शिकणारे, चौघांच्याही घरी ‘आधी पदवी, मग गाणेबिणे’ असा आग्रह असणार. मराठी घरांतील आईबापांना हे दृश्य वेगळे सांगावयास नको. ब्रायन मेने अर्धवट टाकलेला खगोलशास्त्राचा प्रबंध तब्बल तीन दशकांनंतर, २००७ मध्ये पूर्ण केला व डॉक्टरेट मिळविली, हे येथे नमूद केले म्हणजे आईबापांनाही थोडे समाधान वाटेल.

या तबकडीची जन्मकथा उधारीची आहे. १९७२ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओशी संबंधित मंडळींनी या बँडला हाताशी धरले. परंतु स्टुडिओची मोक्याची वेळ त्यांना मिळाली नाही. नामवंत गायकांचे काम आटोपल्यावर, रात्री-अपरात्री किंवा पहाटे, जे रिकामे तास उरतील ते या मुलांचे. कधी फोन आला की धावत जावयाचे, दोन-चार तासांत जे साधेल ते ध्वनिमुद्रित करावयाचे आणि पुन्हा वाट पाहत बसावयाचे. जून १९७२ पासून सुरू झालेले काम या रीतीने हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चालले. ट्रायडंटमध्ये ड्रम एका लहानशा बंदिस्त कोनाड्यात वाजविले जात. त्यामुळे त्यांचा आवाज कोरडा आणि दबलेला येई. स्टुडिओची ती नेहमीची पद्धत होती आणि तिच्याविरुद्ध चार नवख्या मुलांचे काही चालले नाही. ‘द नाइट कम्स डाउन’ हे गाणे ट्रायडंटमध्ये मनासारखे उतरेना, तेव्हा त्याआधी डी लेन ली या दुसऱ्या स्टुडिओत नमुन्यादाखल केलेले मुद्रणच अखेर तबकडीत घालण्यात आले. सर्व काम पूर्ण झाल्यावरही तबकडी काढण्यास कोणी कंपनी पुढे येईना. अखेर ईएमआय कंपनीशी करार झाला आणि ध्वनिमुद्रण संपल्यानंतर सात-आठ महिन्यांनी तबकडी प्रसिद्ध झाली. तोपर्यंत संगीतातील वारे बदलले होते. ज्या वेळी ते नवीन होते त्या वेळी ते लोकांपर्यंत पोहोचले नाही आणि पोहोचले तेव्हा लोकांना त्यात नवल वाटेना, अशी त्याची स्थिती झाली.

असे असूनही या तबकडीत काय आहे, हे पाहिले म्हणजे चाहत्यांचा लोभ उगाच नाही, हे पटू लागते. दहा मुद्रणांच्या या संग्रहात पुढच्या सर्व वाटचालीची बीजे दिसतात. ब्रायन मेची गिटार ही त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरच्या घरी तयार केलेली. तिच्या मानेसाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरलेले होते. या एका गिटारचे अनेक स्वर एकमेकांवर रचून त्याने असा काही नाद निर्माण केला की ऐकणाऱ्यांना तो यांत्रिक सिंथेसायझरचा वाटावा. म्हणून तबकडीच्या वेष्टनावर मुद्दाम छापण्यात आले की, येथे कोणीही सिंथेसायझर वाजविलेला नाही. नवशिक्या कारागिराने आपल्या हातमागाच्या वस्त्रावर ‘गिरणीचे नव्हे’ असा शिक्का मारावा, तसा हा अभिमान होता. ‘लायर’ या दीर्घ गाण्यात नाट्य आणि समूहस्वरांचा खेळ आहे. ‘माय फेअरी किंग’ हे गाणे पाचगणीत शिकलेल्या पियानोवादकाच्या कल्पनाविश्वातून उतरले आहे. त्यातील पऱ्यांचे राज्य, पंखांचे घोडे ही प्रतिमासृष्टी रॉबर्ट ब्राउनिंगच्या बासरीवाल्याच्या सुप्रसिद्ध कथाकाव्याशी नाते सांगते. याच गाण्यातील एका उल्लेखावरून फ्रेडीने बलसारा हे आडनाव सोडून मर्क्युरी हे नाव धारण केले, असे ब्रायन मे यांनी सांगितले आहे. तबकडीच्या शेवटी तर अर्धीच राहिलेली एक चाल आहे. जेमतेम मिनिटभराची, शब्दांवाचून. ती पूर्ण झाली नव्हती, म्हणून तशीच ठेवून दिली गेली. पुढील वर्षी, १९७४ मध्ये, तीच चाल ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे पूर्ण गाणे होऊन दुसऱ्या तबकडीत आली आणि या बँडला ब्रिटनमध्ये पहिले खरे यश तिनेच मिळवून दिले. पहिल्या तबकडीला ब्रिटनच्या यादीत चोविसावा क्रमांक मिळाला, तोही पुढच्या यशाच्या ओघात. नंतरच्या पिकाने आधीच्या बियाण्याला मान मिळवून दिला, असाच याचा अर्थ.

परंतु क्रमांक आणि खप यांनी या लोभाचा उलगडा होत नाही. जगभरच्या चाहत्यांना ‘बोहेमियन रॅप्सडी’सारखी परिपक्व रचना उपलब्ध असताना ते वारंवार या ओबडधोबड पहिल्या तबकडीकडे का वळतात? कोणी म्हणेल, हे केवळ स्मरणरंजन आहे. तरुणपणी जे ऐकले ते गोड वाटते, इतकेच. यात तथ्य नाही असे नाही. कोणी याहून कठोरपणे म्हणेल की, सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यांपेक्षा आपल्याला आतल्या गोटातील काही ठाऊक आहे, ही बढाई मिरविण्याची ती एक रीत आहे. असेही चाहते असतात, हे मान्य करावयास हरकत नाही. तथापि, २०१८ मध्ये फ्रेडी मर्क्युरीच्या जीवनावरील चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर ज्या तरुण पिढीने हे संगीत प्रथम ऐकले, तिला १९७३ ची कसली आठवण असणार? फ्रेडीचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ रोजी झाले. त्या पिढीतील अनेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. ही मुलेसुद्धा प्रसिद्ध गाण्यांकडून मागे मागे जात या पहिल्या तबकडीपर्यंत पोहोचतात आणि तेथे रेंगाळतात. याला स्मरणरंजन म्हणता येणार नाही.

त्याचे खरे कारण असे दिसते की, परिपक्व कलाकृती माणसाला थक्क करते, पण पहिली कलाकृती त्याला सोबत घेते. ‘बोहेमियन रॅप्सडी’ ऐकताना हे कोणा सामान्य माणसाचे काम नव्हे, असेच वाटते. पहिल्या तबकडीत मात्र धडपड ऐकू येते. एकाच गाण्यात चार गाण्यांच्या कल्पना कोंबण्याची घाई, मिळालेल्या दोन तासांत सर्व काही सांगून टाकण्याचा अट्टहास, कोठे तोल गेलेला, कोठे अनपेक्षितपणे साधलेला, हे सारे तिच्यात आहे. उद्या कोणी विचारील की नाही याची खात्री नसताना केलेले ते काम आहे. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःच्या उमेदीच्या दिवसांची ओळख पटते. मोठ्या माणसाच्या लहानपणीची वही हाती यावी आणि तिच्यातील खाडाखोडीतून तो अधिक जवळचा वाटावा, तसे हे आहे.

आता २०२४ च्या दुरुस्तीचा प्रश्न. ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांची बाजू समजण्यासारखी आहे. ड्रमचा तो दबलेला आवाज त्यांना पहिल्या दिवसापासून खटकत होता. तो त्यांनी निवडलेला नव्हता, तर त्यांच्यावर लादला गेला होता. १९७३ मध्ये गाळले गेलेले ‘मॅड द स्वाइन’ हे गाणे मूळ योजनेप्रमाणे त्याच्या जागी परत घालण्यात आले. जे आपल्या मनात होते ते आता तरी लोकांना ऐकवावे, ही निर्मात्याची इच्छा अयोग्य म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला चाहत्यांचेही म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. त्यांनी पन्नास वर्षे जी तबकडी जपली ती निर्मात्याच्या मनातील नव्हती, तर प्रत्यक्षात झालेली होती. तिचा कोरडा ड्रमसुद्धा त्या काळाचा, त्या स्टुडिओचा आणि त्या मुलांच्या असहायतेचा पुरावा आहे. तो पुसला तर इतिहास पुसला जातो.

मराठी रसिकाला या वादात एक जुनी ओळख सापडेल. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण वर्षभर, आठवड्याला एक गीत याप्रमाणे सादर झाले. त्या पहिल्या छप्पन्न गीतांत पात्राप्रमाणे आवाज बदलत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा अनेकांनी ती गायिली. पुढे सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या स्वरातील गीतरामायण ध्वनिमुद्रिकांवर आले आणि घरोघरी तेच रूढ झाले. ते अधिक सफाईदार आणि एकसंध आहे, याविषयी दुमत होणार नाही. तरीही ज्यांनी नभोवाणीवर ते प्रथम ऐकले, त्यांच्या मनात सीतेचा, कौसल्येचा, शूर्पणखेचा वेगळा आवाज कायम घुमत राहिला. फडक्यांच्या गायनाने मूळ आवाज खोटे ठरले नाहीत, आणि मूळ आवाजांवरील प्रेमामुळे फडक्यांचा अवमान झाला नाही. दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदू शकतात, हाच त्याचा धडा.

धडा नांदण्याचा आहे, तसाच सावधगिरीचाही आहे. आणि तो छत्रपती संभाजीनगरपासून शंभर किलोमीटरच्या आत, अजिंठ्याच्या लेण्यांत, भिंतीवरच वाचावयास मिळतो. निजामाच्या राजवटीत, १९२० ते १९२२ या काळात, अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि त्यांचे सहकारी यांना पाचारण करण्यात आले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी घट्ट बसविला, हे मोठे काम झाले. परंतु चित्रे अधिक उजळ दिसावीत आणि टिकावीत म्हणून त्यांच्यावर लाखेचे रोगण चढविले गेले. त्या वेळी चित्रे खरोखर झळकली असतील. कालांतराने ते रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ व काजळी धरली आणि मूळ रंग त्याखाली झाकले गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते रोगण सावकाश, इंच इंच करून काढीत बसावे लागले. हेतू चांगला होता, हात कुशल होते, तरी दुरुस्ती मूळ वस्तूवरच केल्याने तिची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागली. मूळ जपून तिची प्रतिकृती काढावी, तर ती प्रतिकृतीही जपावी लागते. १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या चित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या, हे प्रसिद्धच आहे.

या कसोटीवर पाहिले म्हणजे ‘क्वीन वन’ला दोष देता येत नाही. येथे रोगण मूळ चित्रावर चढविलेले नाही. १९७३ ची तबकडी ज्यांच्या घरी आहे त्यांच्या घरी ती तशीच वाजते. तिच्यावर नव्या कामाने ओरखडाही पडलेला नाही. शिवाय नव्या संचात डी लेन लीमधील नमुना-मुद्रणे, स्टुडिओतील फसलेले प्रयत्न आणि बीबीसीसाठी केलेली मुद्रणे यांचाही समावेश करण्यात आला आहे. म्हणजे दुरुस्तीबरोबर कच्चा खर्डाही वाचकाच्या हाती दिला आहे. नवे रूप नवे म्हणून, स्वतंत्र नावाने समोर ठेवले आहे. दुरुस्ती करावी, पण ती दुरुस्ती आहे हे सांगून करावी आणि मूळ वस्तू शाबूत ठेवावी, एवढे पथ्य पाळले तर निर्माता आणि चाहता या दोघांचेही समाधान होऊ शकते.

हे पथ्य पाळता आले, कारण पन्नास वर्षांपूर्वीच्या फिती जागेवर होत्या. त्या नसत्या तर हा वादही उद्भवला नसता. आपल्याकडे नेमका येथेच अंधार आहे. जगभरच्या नभोवाणी केंद्रांतून एकेकाळी फिती पुसून पुन्हा वापरण्याची काटकसर होत असे. त्यात किती पहिले स्वर कायमचे गेले असतील, याची गणती नाही. जे उरले त्यातील बरेचसे संस्थांनी नव्हे, तर खासगी चाहत्यांनी जुन्या बाजारांतून, रद्दीच्या ढिगांतून वेचून राखले. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या होत्या. हातातून पडल्या की फुटत. अशा ठिसूळ वस्तू पेटाऱ्यात घालून पन्नास-साठ वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला घरातले लोक वेडा म्हणतात. हा वेडेपणा म्हणजे समाजाच्या स्मरणशक्तीचा एक विनावेतन विभाग आहे. त्याची दखल घेणे दूरच, मालक गेल्यावर तो पेटारा भंगारात जाऊ नये एवढी व्यवस्था तरी शहरातील ग्रंथालये, महाविद्यालये आणि विद्यापीठ यांना करता येण्यासारखी आहे. छत्रपती संभाजीनगरात दीर्घकाळ संगीताचे अध्यापन करणारे पंडित नाथराव नेरळकर २०२१ मध्ये निवर्तले. अशा गुरुजनांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या सुरुवातीच्या मैफलींची मुद्रणे कोणाकोणाच्या कपाटांत असू शकतात. ती एकत्र आणण्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. विचारपूस करणारा एक माणूस आणि ठेवण्यासाठी एक कोरडी खोली लागते.

मात्र जुने राखणे हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा भाग शाळेच्या वेळापत्रकात आहे. पाचगणीच्या शाळेत एका मुख्याध्यापकाच्या ध्यानात आले की, या मुलाच्या बोटांत काही आहे. आणि न्यायालयात रोखपाल असलेल्या बापाने ती जादा फी भरली. बस, इतकेच घडले. कोणी भविष्य वर्तविले नाही. शाळेला जगप्रसिद्ध गायक घडवावयाचा नव्हता. एका मुलाला जे आवडते ते शिकण्याची सोय करून देण्यात आली आणि पाच मुलांना व्यासपीठावर गोंगाट करण्याची मुभा मिळाली. आज २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलांना शिक्षणात स्थान देण्याची भाषा आहे. ती स्वागतार्ह आहे. पण परीक्षा जवळ आली की संगीताचा आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याची रीत शिक्षकांना चांगली परिचित आहे. पालकांचीही त्याला संमती असते. या गोष्टीचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. निकालाच्या टक्केवारीवर ज्याची किंमत ठरते, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा कशी करावी? तरीसुद्धा, ज्याने तो तास वाचविला, त्याने काय वाचविले हे त्याला त्या दिवशी कळत नसते. कदाचित तीस वर्षांनीही कळणार नाही. म्हणूनच ते केले पाहिजे.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून आणि विद्यापीठाच्या युवक महोत्सवांतून दरवर्षी मराठवाड्यातील मुले-मुली स्वतः बांधलेल्या चाली, स्वतः लिहिलेली गाणी सादर करतात. परीक्षक गुण देतात, करंडक वाटले जातात, मंडप उतरतो. त्यांतील बहुतेक प्रयत्न कच्चे असतात, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. ‘क्वीन’ची पहिली तबकडीही कच्चीच होती. कच्चेपणाकडे कोणी पाठ फिरविली आणि कोणी कान दिला, यानेच पुढच्या गोष्टी ठरत असतात. तो कान देणारा पहिला चाहता बहुधा शिक्षक असतो, किंवा वर्गातील एखादा मित्र. त्याला संगीतशास्त्र ठाऊक असण्याची गरज नाही. हे अपुरे आहे, पण यात काहीतरी आहे, एवढे त्याला ऐकू आले पाहिजे आणि ते त्याने त्या मुलाला सांगितले पाहिजे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. फ्रेडी मर्क्युरी जगभर गाजल्यावर ‘तो आपल्याच पाचगणीचा’ असे म्हणण्याचा मोह सहज होतो. पण तो हयात असताना महाराष्ट्राने त्याची फारशी चौकशी केली नाही आणि त्यानेही आपल्या बालपणाविषयी जाहीरपणे फार काही सांगितले नाही. पिकलेल्या फळावर हक्क सांगण्यास गर्दी होते. रोपाला पाणी घालताना तेथे कोणी नसते. परदेशातील चाहते मात्र त्या रोपाकडे परत परत जातात, त्याची प्रत्येक गाठ तपासतात, त्याच्या दोषांवरही प्रेम करतात. त्यांच्याकडून घ्यावयाचे ते हेच. पाचगणीचा अभिमान बाळगावयाचा असेल, तर तो त्या मुख्याध्यापकाच्या पत्राचा बाळगावा. तसे पत्र आज या शहरातील एखाद्या शाळेतून एखाद्या कारकुनाच्या, शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या घरी गेले, तर त्या घराने ते बाजूला ठेवू नये. आणि ज्या शिक्षकाच्या मनात असे पत्र लिहावयाचे आहे, त्याने निकाल लागण्याची वाट पाहू नये.